सॉसेजमधलं नायट्राइट इलेक्ट्रोड पट्टीवर कसं मोजायचं: नमुन्यापासून आकड्यापर्यंत

कोल्हापुरात रसायनशास्त्र किंवा अन्नतंत्रज्ञानाचा प्रकल्प करणाऱ्या मुलांची तक्रार ठरलेली असते: प्रमाण द्रावणात (ज्यात किती नायट्राइट आहे ते आधीच माहीत असतं) पट्टी झकास चालते, पण सॉसेजचा अर्क घातला की आकडा निम्मा तरी येतो नाहीतर दुप्पट. मग पट्टी बदलतात, कुणी तिच्यावर सोन्याचे नॅनोकण चढवतात, कुणी ग्राफिन आणतात. आकडा तसाच राहतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नायट्राइट (मांस टिकवायला घालतात ते मीठ) अर्कात नीट उतरलंच नसेल, किंवा त्याच्यासोबत नको ते उतरलं असेल, तर महागडी पट्टीही काही करू शकत नाही.

म्हणून या लेखात पट्टीबद्दल कमी आणि नमुन्याबद्दल जास्त लिहिलं आहे. गृहीत धरलंय ते असं: तुमच्याकडे साध्या कार्बनच्या छापील इलेक्ट्रोड पट्ट्या, यूएसबीवर चालणारा छोटा पोटेन्शिओस्टॅट (पट्टीला व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र), पीएच मीटर, चार दशांशांचा तराजू आणि गरम पाण्याचा बाथ आहे. एवढ्यावर काम भागतं.

१. आधी ठरवा: नेमकं काय मोजताय आणि कशात लिहिणार

पट्टीवर मोजलं जातं ते उरलेलं नायट्राइट. कारखान्यात घातलेलं सगळं नायट्राइट पाकिटात शिल्लक नसतं. त्यातला मोठा भाग मांसातल्या मायोग्लोबिनशी (मांसाला लाल रंग देणारं प्रथिन), इतर प्रथिनांशी आणि सोबत घातलेल्या ॲस्कॉर्बेटशी (क जीवनसत्त्वाचं रूप) अभिक्रिया होऊन संपतो, आणि साठवणीतही घट चालूच राहते. त्यामुळे उत्पादनाची तारीख आणि तपासणीची तारीख या दोन्ही नोंदवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. नायट्रेट या पद्धतीत दिसत नाही. ते आधी क्षपण (रिडक्शन) करून नायट्राइट करावं लागतं आणि तो वेगळा प्रयोग आहे.

आता एकक. निकाल नायट्राइट आयन म्हणून लिहायचा की सोडियम नायट्राइट म्हणून, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा. आयनचं वस्तुमान ४६, सोडियम नायट्राइटचं ६९; म्हणजे आयनचा आकडा गुणिले १.५ केला की सोडियम नायट्राइटचा आकडा मिळतो. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न प्रमाणकं ठरवणाऱ्या आयोगाच्या) प्रमाणकात प्रक्रिया केलेल्या मांसातल्या उरलेल्या नायट्राइटची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे, आणि ती आयन म्हणून आहे. समजा नमुन्यात आयन म्हणून ६० आहे. कुणी ते सोडियम नायट्राइट म्हणून ९० लिहिलं आणि ८० शी ताडून पाहिलं, की चांगला माल कागदावर नापास! आपल्याकडचा चालू नियम एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण) संकेतस्थळावर त्या-त्या पदार्थाच्या वर्गात बघा, आणि तिथेही एकक आधी वाचा.

२. द्रावणं आणि साहित्य

प्रमाण द्रावण: सोडियम नायट्राइट १०५ अंशांवर तासभर वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, ०.१५० ग्रॅम तोलून १०० मिलीला न्या. हे लिटरला १००० मिलिग्रॅम नायट्राइट आयनचं मूळ द्रावण. त्यातलं १० मिली १०० मिलीला नेलं की लिटरला १०० मिलिग्रॅमचं कामाचं द्रावण झालं. मूळ द्रावण फ्रिजमध्ये थोडे दिवस टिकतं; कामाचं द्रावण मात्र रोज नवं करा. बाटली वर्षभर उघडझाप झालेली असेल तर पावडरीने ओलावा धरलेला असतो आणि हवेने थोडं नायट्रेटही झालेलं असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे हमखास.

इशारा: सोडियम नायट्राइट दिसायला मिठासारखं असतं आणि पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद मारतं. बाटलीवर ठळक मराठीत चिठ्ठी लावा. पिपेट तोंडाने ओढायची नाही. मांस दळायच्या ओट्यावर ही बाटली आणायची नाही.

बफर दुप्पट ताकदीचं करा: ०.२ मोलर फॉस्फेट, पीएच ७.०, आणि त्यातच ०.२ मोलर पोटॅशियम क्लोराइड. अर्कात निम्म्यास निम्मं मिसळलं की दोन्ही ०.१ मोलर होतात.

हे क्लोराइड कशासाठी, ते समजून घ्या, कारण सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात. छापील पट्टीवरचा संदर्भ इलेक्ट्रोड म्हणजे सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा उघडा थर असतो. त्याचं विभव (व्होल्टेज) भोवतालच्या क्लोराइडवर ठरतं. क्लोराइड दहापट झालं की सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. सॉसेजमध्ये साधारण २ टक्के मीठ असेल, तर ५ ग्रॅम नमुना १०० मिलीला नेल्यावर आणि पुढे निम्मा पातळ केल्यावर क्लोराइड ८ ते ९ मिलिमोलर उरतं. तुमचं प्रमाण द्रावण नुसत्या फॉस्फेटमध्ये असेल तर त्यात क्लोराइड जवळजवळ शून्य. मग दोन्हींचे पीक (आलेखावरचे प्रवाहाचे उंचवटे) वेगळ्या ठिकाणी येणारच, आणि लोक म्हणतात पट्टी खराब. बफरमध्ये ०.१ मोलर क्लोराइड असलं की नमुन्याचं मीठ आल्यावर ते १०० चं १०९ मिलिमोलर होतं आणि सरक जेमतेम २ मिलिव्होल्टची राहते.

यांशिवाय लागतं ते: संपृक्त बोरॅक्स द्रावण, १० टक्के झिंक सल्फेट, ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, सल्फॅमिक आम्ल, गाळण कागद आणि विआयनीकृत पाणी. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं का, असं विचारतात. आधी कोरी चाचणी (नमुना न घालता तीच मोजणी) घ्या, मग ठरवा.

तपासणी: गाळण कागदातच नायट्राइटचा अंश असू शकतो. कागद गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या आणि शेवटचं धुवण पट्टीवर मोजून पाहा. पीक दिसलं तर तो पुडा बाजूला ठेवा.

३. पट्टी तयार करणे

पट्ट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की उघड्या पाकिटातल्या पट्टीचे चंदेरी संपर्कबिंदू काळवंडतात आणि आलेखावर बिनकामाची थरथर दिसते.

पट्टी १० मिली बफरमध्ये (दुप्पट ताकदीचं बफर निम्मं पाणी घालून) बुडवा. ओलावा संपर्कबिंदूंपर्यंत चढू देऊ नका. शून्य ते +१.२ व्होल्ट अशा चक्रीय व्होल्टॅमेट्रीच्या (व्होल्टेज वर नेऊन परत खाली आणत प्रवाह मोजण्याच्या) फेऱ्या मारा, दोन लागोपाठच्या फेऱ्या एकमेकींवर बसेपर्यंत. ही सक्रियता प्रत्येक पट्टीला द्यायची. एकीला दिली आणि दुसरीला नाही असं केलं तर त्यांची तुलना करता येत नाही.

पट्टी चांगली आहे का हे बघायला बरेच जण फेरोसायनाइड वापरतात. वापरा, पण त्या कामाला वेगळी पट्टी ठेवा. फेरोसायनाइड स्वतःच पट्टीवर ऑक्सिडाइज होतं, आणि ते चिकटून राहिलेली पट्टी नायट्राइटला नेली की खालची रेषा वर उचलली जाते.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा. शेजारी सेंट्रिफ्यूज किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू असेल तर मायक्रोअँपिअरच्या आलेखावर तो लगेच उमटतो.

४. नमुना घेणे आणि दळणे

राजारामपुरीतल्या दुकानातून फ्रोझन पाकीट घेतलं तर ते बर्फाच्या डब्यातून आणा. पाकीट फ्रिजमध्ये वितळवा, उन्हात किंवा ओट्यावर नाही. वितळताना सुटलेलं पाणी फेकून देऊ नका, कारण नायट्राइट पाण्यात विरघळतं आणि त्यातला काही भाग त्या पाण्यातच असतो. ते नमुन्यासोबतच दळा.

एका सॉसेजचं एक टोक कापून ५ ग्रॅम तोलणं चुकीचं आहे. कमीत कमी १०० ग्रॅम नमुना, कवचासकट (कवच खायचं नसेल तर काढून), छोटे तुकडे करून मिक्सरच्या गार केलेल्या भांड्यात फिरवा. सलग फिरवू नका. तीन-चार सेकंद, थांबा, पुन्हा. सलग फिरवलं की मांस तापतं, चरबी वितळून भांड्याला चिकटते आणि उरलेला गोळा मूळ नमुन्यासारखा राहत नाही. दळल्यावर त्याच तासात तोला.

याच वेळी कोरा नमुना तयार करा. इथे कोल्हापूरकरांची सोय आहे: ताजं मटण कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं आणि त्यात नायट्राइट घातलेलं नसतं. तपासायचा माल चिकनचा असेल तर ताजं चिकन घ्या. खिम्यात २ टक्के मीठ आणि नमुन्यात असेल तसा मसाला मिसळून तो तंतोतंत त्याच वाटेने न्या. उरलेल्या मटणाचा पांढरा रस्सा करायला हरकत नाही, पण लॅबच्या मिक्सरमधून गेलेलं मटण घरच्या डब्यात जाऊ देऊ नका.

५. अर्क काढणे

हा टप्पा घाईने उरकला तर पुढचं सगळं वाया जातं. क्रम बदलू नका.

(क) ५ ग्रॅम दळलेला नमुना चंचुपात्रात तोला. ५ मिली बोरॅक्स आणि ७० अंशांच्या वरचं ६० मिली पाणी घाला. काचेच्या कांडीने एकही गुठळी न ठेवता कालवा.

(ख) उकळत्या पाण्याच्या बाथमध्ये १५ मिनिटं ठेवा, अधूनमधून हलवत राहा.

बोरॅक्स का, तर अर्क अल्कलीकडे झुकलेला राहावा म्हणून. नायट्रस आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं नायट्राइट आम्लरूपात असतं तो आकडा) साधारण ३.३ आहे. पीएच त्याच्या आसपास उतरला की नायट्राइट आम्लरूपात जातं, विघटन होऊन नायट्रिक ऑक्साइड वायू उडून जातो. शिवाय आम्लात ॲस्कॉर्बेट नायट्राइटला भराभर संपवतं. प्रथिनं खाली बसवायला ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घालणारे दर वर्षी भेटतात. प्रथिनं बसतात खरी, पण ज्याला मोजायचं तेच हातचं जातं.

(ग) बाथमधून काढा. कोमट असताना ५ मिली झिंक सल्फेट घाला, ढवळा. मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पीएच मीटर बुडवून, साधारण ८ ते ८.५ येईपर्यंत. दह्याच्या फुटक्या कवडीसारखा पांढरा साका दिसेल: तो झिंक हायड्रॉक्साइड, आणि प्रथिनं त्यात अडकून खाली बसतात. पीएच ११ च्या पुढे नेलात तर झिंक परत विरघळायला लागतं.

नेहमीच्या प्रमाण पद्धतीत इथे पोटॅशियम फेरोसायनाइड आणि झिंक ॲसिटेटची जोडी वापरतात. रंगमापनाला ती चालते. पट्टीला नको, फेरोसायनाइड जादा उरलं तर ते नायट्राइटच्या कितीतरी आधीच ऑक्सिडाइज व्हायला लागतं आणि त्याचा प्रवाह नायट्राइटच्या पीकखाली पसरतो. पुस्तकातली अर्क पद्धत जशीच्या तशी उचलून पट्टीला जोडणाऱ्यांचा आकडा दुप्पट येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

(घ) खोलीच्या तापमानाला गार करा, १०० मिलीच्या मापन फ्लास्कमध्ये धुऊन-धुऊन ओता, खुणेपर्यंत भरा, अर्धा तास ठेवा. गरम असताना खूण गाठू नका.

(ङ) फ्लास्क बर्फात ठेवा. चरबी वर थिजली की धुतलेल्या कागदातून गाळा. पहिले १० मिली टाकून द्या.

तपासणी: गाळलेला अर्क पारदर्शक हवा. थोडा अर्क तितक्याच बफरमध्ये मिसळून पाहा. पांढुरका झाला तर झिंक शिल्लक आहे आणि ते फॉस्फेटसोबत बसतंय. अशा अर्काचा पीएच पुन्हा ८.५ ला आणून परत गाळा आणि घातलेलं आकारमान हिशोबात धरा. दुधाळपणा चरबीचा असेल तर पुन्हा थंड करून गाळा. चरबीचा पातळ थर पट्टीवर बसला की प्रवाह पडतो.

अर्क त्याच दिवशी मोजायचा.

६. मोजणी

५ मिली अर्क, ५ मिली दुप्पट बफर. हलकं ढवळा, १५ सेकंद स्थिर राहू द्या, मग डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत, प्रत्येक पायरीवर छोटा स्पंद देऊन प्रवाहातला फरक मोजणं). सुरुवातीला ही मांडणी ठेवा: +०.४ ते +१.१ व्होल्ट, पायरी ५ मिलिव्होल्ट, स्पंद ५० मिलिव्होल्ट. साध्या कार्बनवर नायट्राइटचं पीक सहसा +०.७ ते +०.९ च्या पट्ट्यात येतं. तुमच्या पट्टीवर नेमकं कुठे ते आधी प्रमाण द्रावणावर बघून ठेवा.

एकच द्रावण तीनदा मोजा. दर वेळी पीक सरळ खाली उतरत असेल तर पट्टीवर काहीतरी चढतंय. मसालेदार मालात हे जास्त दिसतं, कारण लवंगेतलं युजेनॉल आणि मिरचीतलं कॅप्सेसिन ही फिनॉलं आहेत; ती पट्टीवर ऑक्सिडाइज होतात आणि मागे न विरघळणारा थर सोडतात. कांदा-लसूण मसाला मुरवलेल्या सॉसेजला एक नमुना एक पट्टी हा नियम मोडू नका. तरीही पीक घसरत असेल तर अर्क आणखी पातळ करा.

मग प्रमाण भर, म्हणजे नमुन्याच्याच घटात माहीत असलेलं नायट्राइट थोडंथोडं घालून पुन्हा मोजणं. १० मिली घटात १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणाचे ५० मायक्रोलिटर, असं तीनदा. दर वेळी घटातली तीव्रता ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटरने वाढते. पट्टी बदलायची नाही, उचलून पुसायची तर मुळीच नाही.

तपासणी: भर घातल्यावर वाढलेलं पीक नमुन्याच्या पीकच्याच जागी वाढायला हवं. शेजारी दुसरा उंचवटा उगवला तर नमुन्यातलं पीक नायट्राइटचं नव्हतं.

खोलीचं तापमान लिहा. प्रवाह अंशाला साधारण २ टक्क्यांनी बदलतो. सकाळच्या गारव्यात प्रमाण आलेख आणि एप्रिलच्या दुपारी नमुना, हे जमणारं गणित नाही.

७. खोटा प्रवाह वेगळा काढणे

प्रमाण भर केली म्हणजे सगळे अडथळे गेले असा समज पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. अर्कामुळे पट्टीची संवेदनशीलता कमी-जास्त झाली तर ती भर घालून सावरते. पण ॲस्कॉर्बेट किंवा मसाल्यातली फिनॉलं स्वतःचा प्रवाह देत असतील तर तो तुमच्या आकड्यात जसाच्या तसा मिसळतो, भर कितीही घाला.

त्यावर उपाय सोपा आहे. त्याच अर्कातले ५ मिली घ्या, चिमूटभर, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आसपास, सल्फॅमिक आम्ल घाला. आम्लात ते नायट्राइटचा नायट्रोजन वायू करून टाकतं. पाच मिनिटांनी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणा, ५ मिली बफर घाला, नव्या पट्टीवर मोजा. आता त्या जागी जो प्रवाह उरला तो नायट्राइटचा नाही. तो वजा करा. उरलेला प्रवाह मूळच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असेल तर वजाबाकीवर विसंबू नका, आधी अर्क सुधारा.

८. हिशोब

समजा खोटा प्रवाह वजा करून आकडे असे आले: भर न घालता १.२६ मायक्रोअँपिअर, मग १.८०, २.३६, २.८९. सरळ रेषेचा उतार १.०९ येतो आणि ती उभ्या अक्षाला १.२६ वर छेदते. १.२६ भागिले १.०९ म्हणजे घटात १.१६ मिलिग्रॅम प्रति लिटर. अर्क निम्मा केला होता, म्हणून मूळ अर्कात २.३१. १०० मिलीत ०.२३१ मिलिग्रॅम, तेही ५ ग्रॅम मांसातून आलेलं. म्हणजे किलोला सुमारे ४६ मिलिग्रॅम नायट्राइट आयन. सोडियम नायट्राइट म्हणून तेच ६९.

दोनाने गुणायचं राहून जाणं ही प्रकल्प अहवालांतली सर्वांत नेहमीची चूक आहे. दुसरी म्हणजे ४६.२३८ असं तीन दशांशांपर्यंत लिहिणं. पट्टीची तेवढी ऐपत नाही.

९. विश्वास ठेवण्याआधी

कोऱ्या मटणात दळतानाच मोजून ठरावीक नायट्राइट घाला, उदाहरणार्थ किलोला ५० मिलिग्रॅम, आणि पूर्ण वाट चालवा. गाळलेल्या अर्कात शेवटी नायट्राइट घालून काढलेली परतीची टक्केवारी शंभराजवळ येतेच; त्यातून अर्क पद्धतीबद्दल काहीच कळत नाही. दळताना घातलेलं ८५ ते १०५ टक्के परत मिळालं तर मी पद्धत चालू समजतो. ६० आलं तर पाचव्या टप्प्यात पाणी मुरतंय: बहुधा पीएच उतरला किंवा गुठळ्या राहिल्या.

एक-दोन अर्क ग्रीस अभिकारकाने (नायट्राइटसोबत रंग देणारं रसायन) ५४० नॅनोमीटरवरही मोजा. दोन्ही पद्धतींत फरक आला म्हणून लगेच पट्टीला दोष देऊ नका, कारण ॲस्कॉर्बेट ग्रीसच्या रंगालाही बाधतं.

माल विकणाऱ्या छोट्या उद्योजकांसाठी एवढंच: ही चाचणी घरातल्या घरात बॅचवर नजर ठेवायला उत्तम आहे. लेबलवरचा दावा, तक्रार किंवा परवान्याचं काम असेल तर एफएसएसएआयच्या अधिसूचित प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. पट्टीचा आलेख तिथे चालत नाही.

नोंदवहीत पट्टीचा गठ्ठा क्रमांक, गाळलेल्या अर्काचा पीएच, तापमान, पीकची जागा आणि सल्फॅमिकनंतर उरलेला प्रवाह हे पाच रकाने आखून घ्या. झिंकचा साका बेसिनमध्ये न ओतता धातूंच्या टाकाऊ डब्यात टाका, आणि फ्रिजमध्ये राहिलेला कालचा अर्क आज मोजून सरासरीत मिसळू नका.